हाताखालची थरथर

गाडी बंद पडली ती नेमकी चौकाच्या पोटात. आचका नाही, कुरकुर नाही, म्हाताऱ्या इंजिनांना येते तसली खोकल्याची उबळसुद्धा नाही. चालू होतं आणि नव्हतं, फुंकर मारून दिवा घालवावा तसं. त्या घोगऱ्या आवाजाची त्याच्या कानांना इतकी सवय होती, की आवाज गेल्यावर आधी त्याला वाटलं, आपल्या कानालाच काहीतरी झालं. मग गाडी उरल्यासुरल्या वेगाने दोन हात पुढे सरकली आणि थांबली, आणि डावीकडून बस आली. बायकोने दोन्ही तळवे समोर डॅशबोर्डवर रोवले. ती ओरडली नाही. तिने फक्त "अहो" म्हटलं, तेही हळू, वर्गात झोपलेल्या मुलाला उठवावं तसं. बसचे ब्रेक किंचाळले आणि बस बायकोच्या बाजूच्या दाराशी येऊन इतक्या जवळ थांबली, की खिडकीतून बाहेर काही दिसायचंच बंद झालं. दिसला तो बसचा पत्रा, त्यावरचे रंगाचे पोपडे आणि चिखलाचा वाळलेला एक ओघळ. वरून ड्रायव्हरने मान बाहेर काढली. "काका, काचेच्या कपाटात ठेवा हिला! रस्त्यावर कशाला काढता?" मागे कोणीतरी हसलं. त्याने किल्ली फिरवली, पुन्हा फिरवली. स्टार्टर नुसता दळत राहिला, पीठ काही पडेना. शेवटी दोघातिघांनी उतरून गाडी कडेला ढकलली, आणि ढकलणारे गेल्यावर बायको दाराला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्ही म्हणाला होतात ना, की आता वर्षभर हिच्याकडे बघायला नको?"

म्हणाला होता. सासऱ्यांची गाडी. ते गेल्यावर मेव्हण्याने "हे लोढणं माझ्या गळ्यात नको" म्हणून हात झटकले होते, आणि बायकोला ती मोडीत जाऊ द्यायची नव्हती, म्हणून ती यांच्याकडे आली. पहिल्यांदा तो तिच्याकडे बायकोच्या भिडेखातर बघायचा, नंतर स्वतःच्या सुखासाठी. दिवसभर ऑपरेशन थिएटरात माणसांना भूल द्यायची, त्यांचा श्वास मोजत बसायचं, आणि सुट्टीच्या दिवशी इमारतीखालच्या पार्किंगमध्ये अशा एका गोष्टीपाशी बसायचं, की जिला भूल द्यावी लागत नाही, जी उघडून ठेवली तरी मरत नाही. आता बॉनेट वर केल्याबरोबर त्याला ते दिसलं. कॉइल लोंबकळत होती. मुठीत मावेल एवढं काळं नळकांडं. बॅटरीच्या चिमूटभर विजेतून इंजिनाला पुरेल एवढी ठिणगी निर्माण करायची, हे तिचं काम. ती एका पट्टीने आवळून, ती पट्टी दोन बोल्टांनी इंजिनाच्या अंगावर घट्ट बसवलेली असते. दोनातला एक बोल्ट गायबच होता. दुसरा शेवटच्या आट्यावर अडकून राहिला होता, आणि हिसके खाऊन खाऊन कॉइलची वायर मुळातून तुटली होती. नवी कॉइल होती. मागच्या सुट्टीच्या दिवशी त्याने स्वतः बसवलेली. त्याला पान्याची मूठ आठवली, खांद्यातला जोर आठवला, दात-ओठ खाल्लेले आठवले. आवळली होती. चांगली आवळली होती. जोर आठवत होता. पण बोल्ट पुरा बसल्यावर पान्यातून जो एक ठाम नकार येतो, 'आता पुढे नाही' असा, तो आठवायला गेला तर तिथे काहीच नव्हतं. भिंतीवरून तसबीर काढल्यावर मागे चौकोन राहतो, तसं.

फोन केल्यावर मिस्त्री स्कूटरवरून आला. जुन्या गाड्यांचंच काम करणारा, बोलका माणूस. वाकून बघून म्हणाला, "कोणी बसवली ही?"

"मीच."

मिस्त्रीने जीभ चावली. "तसं तुमचं काही चुकलं नाही म्हणा, डॉक्टर. स्प्रिंग वॉशर घातले नाहीत, एवढंच. इंजिन धडधडणार, वॉशर नसला की नटबोल्टांना पाय फुटतात. निघाले फिरायला! आणि रस्ते बघताय ना?" मग रस्त्यांवर तो बराच वेळ बोलला. मिस्त्री बोलत होता तोवर तो मान डोलवत राहिला. वॉशर नाहीत. रस्ते खराब. बरोबर. मिस्त्रीने तारेने कॉइल तात्पुरती बांधली, वायर जोडली, घरापर्यंत जाईल म्हणाला. नवे बोल्ट, वॉशर पुडीत बांधून दिले. "मी येऊन बसवून देऊ का उद्या?" "छे, छे," तो घाईने म्हणाला, "एवढं काय त्यात." घरी येईपर्यंत बायको खिडकीबाहेर बघत होती आणि तो स्वतःच्या पायाकडे. ब्रेकवर पाय आहे हे त्याला गाडी मंदावल्यावर कळत होतं. आधी नाही. असं कधीपासून होतं कोण जाणे. कानांनी आणि डोळ्यांनी चालवतोय आपण गाडी, असं त्याच्या मनात आलं, आणि ते वाक्य त्याने लगेच दुसऱ्या कशाखाली तरी झाकून टाकलं.

संध्याकाळचा उजेड होता तोवर काम उरकावं म्हणून तो खाली उतरला. गाडी मघाशी मागच्या जागेवर लावली होती. तिची नेहमीची जागा रिकामी होती, तेलाच्या डागांनी ओळखू येणारी. तिथून जाताना फरशीवर काहीतरी चमकलं. खाली वाकून बघितलं, तर कापलेल्या कड्यांसारख्या, जराशा पिळलेल्या दोन छोट्या चकत्या. स्प्रिंग वॉशर. म्हणजे तो ते घ्यायला विसरला नव्हता. घेतले होते, बोटांच्या चिमटीत धरून इंजिनापर्यंत नेले होते, आणि वाटेत ते चिमटीतून पडले होते. आणि चिमूट तशीच, काहीतरी धरल्यासारखी, बोल्टापर्यंत गेली होती. तो त्या वाकलेल्या अवस्थेतच थोडा वेळ राहिला. मग वॉशर उचलायला गेला. एक उचलला गेला. दुसरा फरशीवर नुसता सरकत राहिला, नखापुढे पळत राहिला, शेवटी त्याने थुंकी लावून बोट दाबलं तेव्हा चिकटला. कोणी बघत नव्हतं. तरी त्याने मागे वळून बघितलं.

थंडी, तो मनाशी म्हणाला. बोटं गारठतात हल्ली. या हल्लीमध्ये बरंच काही येत होतं आणि त्याने ते वेगवेगळ्या खणांत ठेवलं होतं, एकमेकांना भेटू न देता. शर्टाची गळ्याजवळची गुंडी लावायला आरसा लागतो, हे वयाच्या खणात. वर्तमानपत्राची पानं जोडीजोडीने उलटली जातात, हे कागदाच्या खणात. हल्ली कागदच वाईट येतो. उन्हाळ्यात एकदा तो बाहेरून घरी आला आणि बायको म्हणाली, "दुसरी चप्पल कुठाय?" बघतो तर एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी, तळवा काळा झालेला, कोपऱ्यावरच्या दुकानापासून तसाच आला होता. दोघंही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले होते. प्राध्यापकांचं असं होतं, डॉक्टरांचंही व्हायचंच, असं म्हणून तिने ती गोष्ट चार ठिकाणी सांगितली होती. ती विनोदाच्या खणात. आणि साखर, साखर होतीच बरीच वर्षं, गोळ्या होत्या, कधी घेतल्या कधी राहिल्या. साखरेने नसा मरतात, टोकाकडून मरत येतात, आधी पाय, मग हात. हे त्याने किती रोग्यांना सांगितलं असेल. "पायाला काही लागलं तर कळतं ना, आजोबा?" असं विचारल्यावर आजोबा बिचारे 'हो हो' म्हणायचे, आणि त्यांच्या टाचेत खिळा रुतलेला असायचा. न कळणाऱ्याला न कळण्याचं कळत नाही. दुखणं बोंब मारतं. हे मात्र चोरपावलांनी येऊन एकेक दिवा मालवत जातं, आणि घरधनी म्हणतो, आज संध्याकाळ लवकर झाली वाटतं.

वॉशर हातात घेऊन तो गाडीपाशी आला खरा, पण मन भलतीकडेच गेलं, त्याच्या गुरूंकडे. पाठीत भूल द्यायला शिकवणारे, बुटके, तोंडात कायम लवंग असलेले. पहिले काही आठवडे त्यांनी त्याला माणसाला हातच लावू दिला नव्हता. रोज संत्रं आणायचं, सुई सालीतून आत घालायची, आणि फोडीचा पातळ पापुद्रा फुटला की आतल्या गराला न टोचता थांबायचं. रस आला तर नापास. आणि डोळ्यांवर टॉवेल. "डोळे हुशारी करतात," ते म्हणायचे. "हाताला ऐकू येतं ते ऐक. मणक्यांच्या मधल्या फटीतून जाताना आधी वाळूसारखं लागेल, मग रबरासारखं, मग एक बारीकशी टिचकी. त्या टिचकीसाठीच आपला जन्म." पुढे ती टिचकी त्याच्या बोटांत राहायलाच आली. जगात त्याला एवढी खात्री दुसऱ्या कशाचीच नव्हती. लग्नाच्या पहिल्या वर्षात बायकोच्या पाठीवरून अंधारात बोट फिरवत तो मणके मोजायचा आणि ती गुदगुल्यांनी लोळायची, "रोगी मिळत नाहीत वाटतं तुम्हाला!" आता टॉवेल कधीचाच उतरला होता. केव्हातरी, न ठरवता, तो बघून भूल द्यायला लागला होता. सुईच्या मागच्या टोकात कण्यातलं काचेसारखं पाणी दिसलं, की पोचलो. टिचकी लागली का, हे तो स्वतःला विचारत नसे. पाणी दिसलं ना? मग झालं.

एकदा दिसलं नव्हतं. अलीकडेच. हर्नियाचं ऑपरेशन होतं, दांडगा सुतार होता, पाठ दारासारखी. पहिल्या वेळेला हाड लागलं, दुसऱ्या वेळेला नुसतंच काही नाही, तिसऱ्या वेळेला सुतार ओरडला, "आई गं! पायात वीज गेली!" आणि त्याचा डावा पाय टेबलावरून उडाला. त्याने सुई मागे घेतली, "झालं, झालं," म्हणाला, जागा बदलली, पाणी आलं. ऑपरेशन नीट झालं. संध्याकाळी सुतार म्हणाला होता, "डावा पाय अजून माझा वाटत नाही, डॉक्टर." "उतरेल हळूहळू." दुसऱ्या दिवशी त्या वॉर्डात त्याचं काही काम नव्हतं, म्हणून तो गेला नाही. जाड पाठीचा माणूस. तोही एका खणात.

त्याने कॉइल पट्टीत बसवली, पट्टीची भोकं इंजिनावरच्या भोकांशी जुळवली, बोल्ट टेकवले. पहिला बोल्ट तिरका गेला, आटे करकरले. काढून पुन्हा लावला. डोळे अगदी जवळ नेऊन लावला. वॉशर आहे ना, बघितलं. आहे. मग पाना घेतला आणि आवळत सुटला. किती? पुष्कळ. खांदा दुखेपर्यंत. दुसरा बोल्टही तसाच. मधेच त्याला पट्टीवर तांबडं काहीतरी दिसलं आणि वाटलं, गंज असेल. मग ते ओघळलं. गंज ओघळत नाही. कसलं तेल म्हणावं हे, असं म्हणून तो वाकून गळती शोधायला लागला. वर पाइप तपासला, खाली इंजिनाच्या अंगावरून बोट फिरवलं, आणि जिथे जिथे बोट फिरलं तिथे तिथे तांबडी रेघ उमटत गेली.

"अहो, रक्त!" बायको कधी खाली आली होती कळलंच नाही. चहाचा कप घेऊन उभी होती. तिने कप चाकाशी ठेवला आणि त्याचा हात ओढून उजेडात धरला. तर्जनीचं पेर पट्टीच्या धारेने उघडलं होतं, चांगलं खोल, आतलं पांढरं दिसण्याइतकं. "एवढं कापलं आणि तुम्ही..." तिने पदराने बोट करकचून धरलं आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. पस्तीस वर्षं मुलांना भूगोल शिकवलेली बाई. नकाशात काय दाखवलेलं नाही, ते तिला आधी दिसे.

"गारठलीत बोटं," तो म्हणाला.

"माझी नाही गारठली."

"तू काय पाने चालवतेस?" तो हसला. "बघ, झालंय काम. एकदा चालू करून बघतो." तिच्या हातातून हात सोडवून तो आत बसला, किल्ली फिरवली. इंजिन लागलं. पहिल्याच फटक्याला. बाहेर येऊन त्याने विजयाने बॉनेटखाली हात घातला आणि पट्टीच्या बाजूला, कॉइलच्या अंगावर, सबंध तळवा ठेवला. मिस्त्रीची पद्धतच ती. कॉइल नीट बसली आहे का हे हात ठेवून बघायचं. सैल असली तर हाताखाली पकडलेल्या पाखरासारखी फडफडते. त्याचा हात शांत होता. गार, स्वच्छ, खोल शांतता. "आहाहा," तो म्हणाला. "गप्प बसलीये. देवळातल्या दगडासारखी."

बायकोने वाकून त्याच्या हाताशेजारी आपला हात ठेवला. लगेच मागे घेतला. मग पुन्हा ठेवला.

"थरथरतेय की," ती म्हणाली.

"कोण?"

"ही. केवढी थरथरतेय. दात वाजल्यासारखी. तुम्हाला..." तिने त्याच्याकडे बघितलं. इंजिन चालू होतं. त्याचा तळवा अजून कॉइलवर होता, आणि आता नीट बघितल्यावर त्याला दिसलं, की त्याचा हात हलतोय. मनगटापर्यंत. बोटांवरचा रक्ताचा ओला थर बारीक लाटांनी शहारत होता, आणि तो ते शहारणं बघत होता, दुसऱ्या कुणाच्या तरी हाताकडे बघावं तसं, काचेपलीकडून. त्याच्यापर्यंत त्यातलं काहीही येत नव्हतं. कळ नाही, कंप नाही. हात कुठे संपतो आणि लोखंड कुठे सुरू होतं हेसुद्धा नाही. बायकोने त्याच्या दुसऱ्या हातातून पाना घेतला. तिने कधी पाना धरला नव्हता. कढईची पकड धरावी तसा धरला. इंजिन बंद केलं, पहिल्या बोल्टावर पाना लावला आणि फिरवला. बोल्ट फिरला. जवळजवळ पूर्ण एक फेरा फिरला; त्याचा पाना बोल्टाच्या डोक्यावरून नुसता निसटत राहिला असणार. दुसरा तिरकाच बसला होता. तिने तो काढला, ओठ दुमडून पुन्हा सरळ लावला, आवळला. मग तिनेच इंजिन चालू केलं आणि हात ठेवला. "हं. आता आहे गप्प," ती म्हणाली. "बघा."

त्याने हात ठेवला. तीच शांतता. मघाशी होती तीच, तितकीच गार, तितकीच स्वच्छ. तसूभर फरक नाही. त्या क्षणी सगळे खण एकदम उघडले.

ती रात्र कशी गेली याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. बायकोने बोटाला पट्टी बांधली, दोघं जेवले. पानावरून उठताना ती एवढंच म्हणाली, "उद्या कोण आहे?" थिएटरात कोण आहे, असं. इतक्या वर्षांत तिने हा प्रश्न कधी विचारला नव्हता. "एक बाळंतपण आहे," तो म्हणाला. "सिझर. ठरवून केलेलं आहे, घाईचं नाही." तिने पाण्याचा पेला उचलून कडेला ठेवला. "पहिलंच?" "हो." आणि मग तिने दिवा घालवला. जाऊ नका म्हणाली नाही. ती म्हणाली असती, तर त्याला भांडता आलं असतं.

सकाळी त्याने गाडी काढली नाही. रिक्षाने गेला. वाटेत त्याने पुष्कळ युक्तिवाद केले आणि प्रत्येक युक्तिवाद मोठा देखणा होता. तळवा वेगळा, बोटांची टोकं वेगळी. लोखंडाची थरथर वेगळी, सुईची टिचकी वेगळी. बोटाला जखम आहे, आज हात सुन्न असणारच. आणि पाणी दिसतंच ना? हजारोंना भूल दिली, हजारो उठून घरी गेले. सर्जनबाई म्हणजे त्याची कॉलेजातली मैत्रीण. हे छोटं हॉस्पिटल तिचंच. ती त्याला अजून 'भूलवाल्या' म्हणायची. तिला काय सांगणार? आणि सांगितल्यावर उद्यापासून आपण कोण? सकाळी उठून कुठे जायचं? पायऱ्या चढताना तो पायांकडे बघून चढला. पूर्वी पायऱ्या चढताना तो कुठे बघायचा, हे आठवायचा त्याने प्रयत्न केला.

वरती सिस्टर चादरी मोजत होत्या. "डॉक्टर, तुमच्या त्या सुतारांचा फोन आला होता," त्या म्हणाल्या, चादरींवरून डोळे न काढता. "पाय तसाच आहे म्हणाले. काल शिडीवरून घसरले. फार नाही लागलं. म्हणाले, डॉक्टरांना विचारा, हे उतरणार कधी?" तो म्हणाला, "बघतो मी." आणि कपडे बदलायच्या खोलीत जाऊन बाकावर बसला. भिंतीवर एक नळ ठिबकत होता. शिडीवरून. पायरी आहे असं डोळ्यांना दिसलं असेल, आणि पायाने सांगितलं नसेल. बाहेरून कुणीतरी त्याला हाक मारली. त्याने हिरवे कपडे घातले. पाठीमागच्या नाड्या त्याला बांधता येईनात, तेव्हा सिस्टरांनी येऊन बांधल्या. कित्येक महिने त्याच बांधत होत्या.

सिझरची ती मुलगी टेबलाच्या कडेवर बसली होती, पाय खाली सोडून, पोटाशी उशी धरून. लहानखुरी होती. पोट तिच्यापेक्षा मोठं. "दुखेल का?" तिने विचारलं. तो नेहमी म्हणायचा तेच म्हणाला, "मुंगी चावल्याइतकं. त्यापुढे तुम्ही आमच्याशी गप्पा मारायच्या." ती हसली आणि विश्वासाने पाठ वाकवली. मांजरीसारखा बाक काढा, म्हटल्यावर अगदी मांजरीसारखी. पाठीवर डाव्या बाजूला एक तीळ होता. औषध लावून पाठ पुसून झाली, ओली चमकत होती. हातमोजे घालून त्याने बोटं तिच्या कण्यावर ठेवली. मणके दिसत होते, एकाखाली एक, किती स्पष्ट. संत्र्याच्या दिवसांतल्या कुठल्याही पोराला दिसले असते. बोटांखाली मात्र लोकर होती. जाड, मऊ, सगळीकडे सारखी लोकर. त्याने दाबून बघितलं. "आई गं," ती हळूच म्हणाली. किती जोरात दाबलं आपण? पलीकडे सर्जनबाई हात धूत होती आणि नळाच्या आवाजावरून ओरडत होती, "काय भूलवाल्या, ऐकलं की तुझ्या राणीने काल चौकात फतकल मारली!" सिस्टरांनी सुई त्याच्या हातात दिली. सुई हातात आहे हे त्याला दिसत होतं. ती लांब आणि बारीक होती, दिव्याखाली केसासारखी. तिचं टोक त्याने मुलीच्या पाठीजवळ नेलं, तिळापासून चार बोटं उजवीकडे, आणि थांबला. टिचकी लागली तर कोणाला कळणार? लागली नाही तर कोणाला? त्याने वाट बघितली. कशाची, ते त्याला ठाऊक नव्हतं. खोलीत फक्त बाळाच्या ठोक्यांचा आवाज होता, यंत्रातून येणारा, घाईघाईचा, कुणीतरी जिन्यावरून पळत येत असावं तसा.

"झालं का, डॉक्टर?" तिने विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "अजून काहीच केलं नाही." आणि त्याने सुई ट्रेमध्ये ठेवली. ती ठेवली गेल्याचा आवाज आला तेव्हाच त्याने बोटं उघडली.

सर्जनबाई ओले हात वर धरून दारात आली होती. "काय रे?"

"दुसऱ्या कोणाला तरी बोलव."

"वेड लागलं का? सगळं तयार आहे."

"मला हाताला कळत नाही," तो म्हणाला. एवढं मोठं वाक्य इतकं छोटं असेल, असं त्याला वाटलं नव्हतं. पाठ वाकवून बसलेल्या मुलीने मान वळवायचा प्रयत्न केला. सिस्टरांनी तिला हलकेच थोपटलं. "बाळ बरं आहे, तू नीट बैस," त्या म्हणाल्या, पण त्यांचाही आवाज बदलला होता. सर्जनबाईने त्याच्याकडे बघितलं. तीस-पस्तीस वर्षांत तिने त्याच्याकडे असं बघितलं नव्हतं; रोग्याकडे बघतात तसं. ती त्याला भिंतीकडे घेऊन गेली. "मोजे काढ." त्याने काढले. पट्टी बांधलेलं बोट बघून तिने भुवया जवळ घेतल्या. ट्रेमधून एक बारीक सुई उचलली. "डोळे मीट."

त्याने डोळे मिटले. खूप वर्षांनी, टॉवेलाशिवाय, आपण होऊन. आत तांबूस अंधार होता. लवंगेचा वास यावा असं त्याला फार वाटलं. आला नाही. यंत्रातून ठोके पळत होते. तो वाट बघत राहिला. बाई मुद्दाम वेळ लावतेय, त्याला वाटलं, तिची ही सवयच आहे.

"टोच ना," तो म्हणाला.

ती काही बोलली नाही.

"अगं, टोच की."

"टोचलीये," बाई म्हणाली. तिचा आवाज अगदी जवळून आला. "केव्हाचीच."

पलीकडच्या हॉस्पिटलातून एका तरुण भूलतज्ज्ञाला यायला बराच वेळ लागला. तोवर मुलीला कुशीवर निजवलं होतं. तो स्वतः खोलीबाहेर गेला नाही. जावंसं वाटलं होतं, पण ती घाबरून रडायला लागली होती, आणि तिच्या उशापाशी एक स्टूल रिकामं होतं. तो तिथे बसला. त्याने तिला खरं ते सांगितलं, की हात अधू झाला आहे, म्हणून त्याने तिला टोचलं नाही, आणि जो येतोय त्याचे हात चांगले आहेत. ती त्याच्याकडे बघत राहिली. शिव्या देईल, असं त्याला वाटलं. तिने विचारलं, "मग तुम्ही आता जाणार?" "नाही," तो म्हणाला, "इथेच आहे." तरुण आला, आल्या-आल्या पाठीवर बोटं ठेवली, क्षणभर वर छताकडे बघितलं, कुठेच न बघणाऱ्या डोळ्यांनी, आणि सुई आत गेली. स्टुलावरून तो त्या तरुणाच्या चेहऱ्याकडे बघत होता. ती टिचकी लागली तेव्हा त्या पोराच्या चेहऱ्यावर ती त्याला दिसली.

मग हिरवा पडदा लागला, बाई कामाला लागली, हत्यारांचा किणकिणाट सुरू झाला. मुलीने पडद्याअलीकडून आपला हात त्याच्याकडे सरकवला आणि म्हणाली, "धरा ना." त्याने धरला. ती छताकडे बघत होती, तो पडद्याकडे. बाळाचं काय होईल, सुताराकडे आजच संध्याकाळी जायचं, त्याला काय सांगायचं, उतरेल असं म्हणायचं नाही, मग काय म्हणायचं, अशा सगळ्या गोष्टी त्याच्या मनात होत्या.

"डॉक्टर," ती म्हणाली. "हळू."

त्याने खाली बघितलं. त्याच्या मुठीत तिची बोटं पांढरीफटक झाली होती, एकमेकांवर चढली होती. पट्टीतून त्याच्या बोटाचं रक्त पुन्हा आलं होतं आणि तिच्या मनगटापर्यंत उतरलं होतं. तो दचकून हात काढायला लागला.

"सोडू नका," ती म्हणाली. "फक्त थोडं सैल."

त्याने मुठीकडे बघत बघत एकेक बोट उचललं. "आता?"

"अजून थोडं."

"आता?"

"हं," ती म्हणाली आणि तिने डोळे मिटले. "असंच राहू द्या."

तो नजर न हलवता त्या दोन हातांकडे बघत राहिला.